खांद्याला बसते ती रायफल

(पत्र्याची शेड. तारेवरून कागदी टार्गेट खडखडत पुढं जातं.)

कोल्हापूर. नेमबाजीची रेंज, सकाळी सातची बॅच. टार्गेटवर मधोमध जो पांढरा ठिपका दिसतो, तो 'दहा' गुणांचा. व्यास ०.५ मिलिमीटर. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. दहा बसला की ठिपका उरतच नाही, भोक उरतं.

मुलांना घेऊन आई-वडील येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. सर, रायफल कुठल्या कंपनीची घ्यायची? वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, की अ‍ॅन्शुट्झ? सर त्यावर काहीच बोलत नाहीत. मुलीला उभं करतात आणि टेप काढतात.

(टेप. खांदा, कोपर, मनगट.)

आता बघा. मुलगी डोळे मिटते. रायफल खांद्याला लावते, गाल चीकपीसवर, म्हणजे गालासाठीच्या टेकूवर, टेकवते. मग डोळे उघडायचे. मान न वाकवता मागच्या साइटच्या भोकातून पुढचं वर्तुळ मधोमध दिसलं, तर उंची जमली. हिला दिसत नाहीय. अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घेतली, चीकपीस दोन रेघा वर. पुन्हा डोळे मिट. आता बट, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक, लांब वाटतेय. एक रेघ आत. हे अर्धा-पाऊण तास चालतं, आणि आम्हाला विचाराल तर खरेदी ती हीच. पावती फाडणं नंतरचं.

स्पर्धेची एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी, साडेपाच किलोपर्यंत जाऊ शकते. ते वजन दंडानं पेलायचं नसतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, भार हाडावर. माप चुकलं की मान धरते, कंबर धरते, काही मुलं येणं बंद करतात.

(कानस. लाकडाचा भुसा.)

पिस्तुलाचं सगळं गणित मुठीत. ग्रिप लाकडाची, ती कानसीनं घासायची, कमी पडेल तिथं लांबी (पुट्टी) भरायची, वाळली की पुन्हा घासायची. हा मुलगा तिसऱ्यांदा घासतोय. चापाची परीक्षाही इथंच होते. अर्ध्या किलोचं वजन चापाला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलायचं. चाप सुटला नाही, तर पास.

छर्र्यांचीही निवड असते. रायफल शिकंज्यात आवळली, म्हणजे माणसाची चूक वजा. एका डबीतले पाच मारले. मग छर्र्याच्या डोक्याचं माप बदललं, ४.४९ ऐवजी ४.५०, पुन्हा पाच. डावीकडचा ग्रुप, म्हणजे पहिल्या पाच भोकांचा पुंजका, पसरलाय. उजवीकडचे पाचही एकाच भोकातून गेलेत. नळीला काय मानवतं, ते नळीच सांगते.

सरांचं आजोळ कणकवलीकडचं. तिथं बंदूक म्हणजे ठासणीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आवाजानं डुक्कर पळालं की तिचं काम झालं. अर्ध्या मिलिमीटरशी तिचं देणंघेणं नाही.

(भिंतीवरचे फोटो.)

तेजस्विनी सावंत, २०१०, म्युनिक. पन्नास मीटर, पोटावर झोपून, विश्वविजेती. राही सरनोबत, २०१८, आशियाई सुवर्ण, पंचवीस मीटर पिस्तूल. स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४, पॅरिस, गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्यानं, कांस्य. तिघंही याच जिल्ह्यातले, तिघांच्याही हातात पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे तेवढ्या इंच नळीची, बंदूक. त्या बोअरला परवाना लागतो, अर्ज आणि चकरा आल्याच. साडेचार मिलिमीटरच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला लागत नाही, म्हणून बहुतेकांची सुरुवात हिच्यावरच.

(वही.)

मुलीच्या वहीत आजचे आकडे. बट ३. चीकपीस ७. हे लिहून ठेवावंच लागतं, कारण लहान मापाची रायफल रेंजवर एकच, आणि शिकणारी तिघं.

(अ‍ॅलन की पुढच्या मुलाच्या हातात.)

त्याची बट ५.