जागलीला कोण बसणार? बिनतारी मेश जाळे आणि आपल्या इमारती

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे इमारतींतील बिनतारी मेश जाळ्यांची 'मानके', म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम, आणि त्यांविषयी मी बोलणारच आहे. परंतु समोर जिनिंगवाले, वायरमन आणि आयटीआयचे विद्यार्थी बसलेले असताना आधी जागलीविषयी बोललो नाही, तर मला चैन पडणार नाही. तूर-हरभरा उभा असताना रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या धास्तीने मचाणावर रात्र कशी काढावी लागते, हे येथे कोणाला सांगायला नको. टोकाच्या शेतात कळप शिरला की तिथला जागल्या हाळी देतो, शेजारचा ती ऐकून पुढे देतो, आणि ज्याच्या कानावर पहिली हाळी कधीच पडली नसती, असा पार नाल्यापलीकडचा माणूसही काठी घेऊन उठतो. घरातील स्मार्ट उपकरणांचे बिनतारी मेश जाळे असेच चालते. घरातील वाय-फायमध्ये बहुधा प्रत्येक उपकरण मधल्या एका राउटरशीच बोलते. मेशमध्ये बल्ब बल्बाचा निरोप घेतो, प्लग बल्बाचा, आणि निरोप मुक्काम करत करत पोचतो.

मात्र हाळी पुढे देणारा जागा असावा लागतो. घरच्या विजेवर सतत चालणारी उपकरणे जागी असतात आणि इतरांचे निरोप वाहून नेतात. बटणाएवढ्या सेलवर चालणारे सेन्सर बहुतेक वेळ झोपून असतात. ते उठतात, आपला निरोप देतात आणि पुन्हा झोपतात, दुसऱ्याचा निरोप मात्र नेत नाहीत. तसे केले तर वर्ष-दोन वर्षे चालणारा सेल काही दिवसांत संपेल. म्हणून माझे म्हणणे असे, की मानक निवडण्याआधी जागले मोजावेत.

ही अक्कल मला माझ्याच घराने शिकवली. आमचे गावातले घर जुने, धाब्याचे. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि हातभराहून जाड. मागच्या कोठ्याच्या दाराला मी झिग्बी या मेश मानकाचा एक सेन्सर लावला, कारण रात्री दार उघडले तर बैठकीतल्या हबला, म्हणजे जाळ्याच्या मुख्य पेटीला, आणि तिथून माझ्या मोबाइलला कळावे. मधल्या अंतरासाठी दोन स्मार्ट बल्ब होते, एक माजघरात आणि एक मागच्या अंगणात. दिवसभर सारे सुरळीत चालायचे आणि रात्री नऊनंतर कोठा मुका व्हायचा. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून मी ओल्या भिंतींना दोष दिला, आणि ओली भिंत 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक शोषते हे खरेही आहे. मी सेल बदलले, हब खिडकीत आणून ठेवला आणि शेजाऱ्याच्या वाय-फायवरही संशय घेतला. तीन आठवडे असे गेल्यावर एका रात्री मी माजघरात उभा असताना आई आली, तिने भिंतीवरचे बटण टक्कन बंद केले आणि म्हणाली, "निजाच्या वक्ताले लाइट कायले जाळतं रे? बिल का तू भरतं?" माझा मधला जागल्या रोज रात्री नऊ वाजता, घरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या हुकमाने, झोपी जात होता.

मेश जाळे स्वतःला सांधून घेते, असे जाहिरातीत म्हणतात आणि ते खोटे नाही. पण सांधायला दुसरी वाट असावी लागते. माझ्याकडे ती नव्हती. उपाय निघाला तो बटणाच्या मागे बसणाऱ्या लहान रिले मॉड्यूलचा, म्हणजे निरोपही वाहून नेणाऱ्या बिनतारी स्विचचा: बल्ब साधा, मॉड्यूलला वीज कायमची, आणि बटण आईच्या ताब्यात. वायरमन मित्रांनी येथे एक पाहावे, की त्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, आहे की नाही. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, परंतु त्यांतील बरेचसे निरोप पुढे नेत नाहीत. म्हणजे पैसे जागल्याचे द्यायचे आणि घरात झोपाळू आणायचा.

आयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो ते आता घाईने सांगतो.

झिग्बी आणि थ्रेड या दोन मेश मानकांच्या रेडिओचा पाया एकच, आयईईई 802.15.4 हे रेडिओ मानक, वरची भाषा निराळी. झिग्बी जुने, रुळलेले आणि स्वस्त आहे. त्याला हब लागतो, आणि वाय-फायची गर्दी असेल तर चॅनल 25 किंवा 26 वर नेऊन पाहावे. थ्रेडमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा आयपीव्ही6, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीचा, पत्ता असतो, आणि जाळ्याचा म्होरक्या बंद पडला तर दुसरा राउटर, म्हणजे दुसरा जागल्या, ते काम उचलतो. 2022 मध्ये आलेले मॅटर हे मेश नव्हे. थ्रेड, वाय-फाय किंवा इथरनेट यांवरून बोलली जाणारी ती सामाईक भाषा आहे. तिचा मोठा गुण असा, की उपकरण घरातल्या घरात चालते, परगावच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही. एका कंपनीच्या बंदिस्त प्रणालीवर एका कार्यालयाचे सगळे दिवे बसवलेले मी पाहिले. कंपनीने सर्व्हर बंद केला आणि दिवे भिंतीवरच्या बटणापुरते उरले. म्हणून नव्या घरात थ्रेडवरचे मॅटर घ्यावे. झिग्बी आधीच असेल तर फेकू नये, ब्रिजने, म्हणजे दोन भाषांमधल्या दुभाष्या पेटीने, जोडावे.

मंगल कार्यालय किंवा मोठे दुकान असेल तर दिव्यांसाठी 2017 चे ब्लूटूथ मेश विचारात घ्यावे; त्यात ठरलेली वाट नसते, निरोप सर्व बाजूंना पसरतो, आपल्या हाळीसारखाच. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहरी पत्र्यावरून परततात आणि रुईच्या गाठींची थप्पी रोज जागा बदलते, म्हणून तिथे जागले उंचावर, तुळईला लावावेत. कापसाच्या आगीचा अलार्म मात्र या जाळ्यावर कधीही टाकू नये. तो तारेवरच राहू द्यावा.

भारनियमनात सगळे जागले एकदम झोपतात, तेव्हा हब किंवा (थ्रेड असेल तर ते घरच्या नेटवर्कशी जोडणारा) बॉर्डर राउटर आणि मधली दोन मॉड्यूल इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावीत. त्यांचा भार पंख्याच्या तुलनेत नगण्य असतो. आमच्याकडे ती तशीच आहेत, आणि आई अजूनही नऊ वाजता बटण बंद करते.