आजीच्या हातनं फुटलेला कप

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय ठरलाय रोजच्या बोलण्यातली स्पॅनिश आत्मवाचक क्रियापदं, म्हणजे 'से', 'मे' असं एखादं छोटं सर्वनाम सोबत घेऊन येणारी क्रियापदं. त्याआधी मला आमच्या गावभागातल्या स्वयंपाकघरात जायचंय.

आजी मोरीत कपबशा विसळत होती. निळ्या काठाचा, कान तुटलेला कप निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. सोप्यातून आजोबांनी विचारलं, "काय गं झालं?" आजी म्हणाली, "हातनं कप फुटला." 'मी कप फोडला' असं नाही म्हणाली, आणि खोटंही बोलली नाही. फोडायचा हेतू नव्हता, पण हात तिचाच होता. तीन शब्दांत दोन्ही गोष्टी आल्या.

पुढं कित्येक वर्षांनी स्पॅनिशच्या वर्गात फळ्यावर वाक्य आलं, 'से मे रोम्पियो ला तासा.' तासा म्हणजे कप. 'से रोम्पियो' म्हणजे फुटला, आपला आपण. आणि मधला तो इवलासा 'मे' म्हणजे आजीचं 'हातनं'! शिकवणं इंग्रजीतून होतं. इंग्रजीत ते वाक्य नीट बसेना, तेव्हा आम्हाला सांगितलं, पाठ करून टाका. मला ते अजून खुपतं. खोलीत वीस मराठी माणसं बसली होती, उत्तर प्रत्येकाच्या घरात होतं, आणि कुणी विचारलं नाही. 'किल्ल्या हरवल्या' घ्या. 'से मे पेर्दिएरोन लास याबेस.' किल्ल्या अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. आपणही तसंच बोलतो ना? (उच्चाराचंही तेच. स्पॅनिश त आणि द आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीच्या वाटेनं गेलात की त्यांचे ट-ड होतात.)

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

मूळ क्रियापदाच्या शेवटी 'से' जोडून बघा. लेबान्तार म्हणजे उठवणं, लेबान्तार्से म्हणजे उठणं. सेन्तार बसवणं, सेन्तार्से बसणं. आकोस्तार निजवणं, आकोस्तार्से निजणं. 'बाळाला निजव आणि तूही नीज' असं म्हणणाऱ्या घरात 'मी स्वतःला निजवतो' हे भाषांतर कशाला शिकवायचं? कधी 'से'नं अर्थाची छटा बदलते. दोर्मिर झोपणं, दोर्मिर्से डोळा लागणं. इर जाणं, इर्से निघून जाणं. 'मे बोय' म्हणजे 'निघालो'. कोमेर खाणं, कोमेर्से खाऊन टाकणं. स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. एका ठोक्याला एक! तासगावची द्राक्षं खाणाऱ्यांना सांगायला नको, ते कोमेर नव्हे, कोमेर्सेच.

वाक्यात या 'से'च्या जागी कर्त्याप्रमाणं येणारी सर्वनामं लिहून घ्या. मी-मे, तू-ते, तो किंवा ती-से, आम्ही-नोस, तुम्ही-ओस, ते-से. आदरार्थी 'तुम्ही'लाही से. लॅटिन अमेरिकेत ओस वापरत नाहीत, तिथं अनेकवचनी 'तुम्ही'ला से चालतो. सकाळ अशी: मे लेबान्तो, उठतो. मे दुचो, शॉवर घेतो. मे बिस्तो, कपडे घालतो. हात धुताना 'मे लाबो लास मानोस'. 'माझे हात' म्हणायचं नाही, आपण तरी कुठं म्हणतो?

वेळ संपली. माइक पहिल्या रांगेत द्या. प्रत्येकानं 'मे यामो' म्हणून आपलं नाव सांगायचं. काकू, तुमच्यापासून सुरुवात.