बाटलीवरची छपाई काढायचीय? आधी हातातलं ब्लेड खाली ठेवा

नमस्कार मंडळी! मागे घरच्या बीअरच्या बाटल्या भरतानाचा व्हिडिओ टाकला होता. मला वाटलं, लोक यीस्टबद्दल विचारतील, हॉप्सबद्दल, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांबद्दल, विचारतील. पण खाली सगळ्यांचा एकच धोशा: "ताई, तुमच्या बाटल्या इतक्या कोऱ्या कशा? माझ्या बाटलीवरचं नाव तर छापलेलं आहे, ते निघतच नाही." तर आज फक्त तेवढंच.

कागदी लेबलाचं आधी उरकून टाकू, त्यात सांगण्यासारखं फार नाही. बादलीभर गरम पाणी, त्यात अर्धी वाटी वॉशिंग सोडा, बाटल्या बुडवा, तासाभराने लेबल आपोआप सुटून तरंगायला लागतं. प्लास्टिकचं स्टिकर असेल तर डिंक मागे राहतो, त्यावर खाण्याचं तेल आणि बेकिंग सोडा एकत्र करून चोळा. ऑक्सिक्लीन ही डाग काढायची पावडर वापरत असाल तर कडक, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात रात्रभर ठेवू नका, काचेवर पांढरा थर धरतो. धरलाच तर व्हिनेगरने जातो. आणि फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या मुळात जमवूच नका, आपल्या कॅपरने, म्हणजे झाकण दाबून बसवायच्या यंत्राने, त्यांचं तोंड नीट बंद होत नाही. झालं.

आता छापील बाटली. मी सॅन डिएगोला राहते. इथून जरा उत्तरेला एस्कॉन्डिडोमध्ये स्टोन ब्रुइंग हा बीअरचा कारखाना आहे. त्यांच्या २२ औंसाच्या जुन्या छापील बाटल्या आमच्या भागातल्या घरी बीअर करणाऱ्या बहुतेकांच्या गॅरेजमध्ये सापडतील. जाड, तपकिरी, मजबूत काच. तोंड साध्या झाकणाचं. टाकवत नाही हो! पण त्यावरचं चित्र म्हणजे चिकटवलेलं लेबल नाही, हे आधी डोक्यात घ्या. रंग मिसळलेली काचेची बारीक पूड जाळीतून बाटलीवर छापतात आणि भट्टीत साधारण ६०० अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळते आणि बाटलीच्या काचेला धरून बसते. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉटच्या परत करायच्या बाटल्या आठवतात ना? वर्षानुवर्षं क्रेटमध्ये घासल्या जायच्या, कारखान्यात कॉस्टिक सोड्याने धुतल्या जायच्या, तरी नाव जागेवर. का, ते आता कळलं असेल.

आणि इथे लोक ब्लेड काढतात. एका दादांनी तर फोटोच पाठवला: रंग खरवडायची पत्र्याची पट्टी, पॉलिश पेपर, शिवाय ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश. दादा, हात जोडते. खरवडू नका.

का, ते सांगते. बाटलीत साखर घालून बीअर मुरवतो तेव्हा आत गॅस तयार होतो. नेहमीच्या बीअरला, खोलीच्या तापमानाला, आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास जातो. काच हा दाब सहन करते ती तिचा पृष्ठभाग अखंड आहे म्हणून. त्यावर एक खोल ओरखडा पडला की सगळा ताण त्या रेघेवर येतो. भरताना बाटली ठीक दिसते, दोन आठवड्यांनी कपाटात फुटते. साखर जास्त झाली म्हणून फुटली, असंच सगळे म्हणतात, पण ओरखड्याकडे कोणी बघत नाही.

बरं, बाटली फुटली नाही असं धरा. तुम्ही खरवडून जी पूड पाडता, ती काय आहे? असल्या जुन्या छपाईच्या रंगात शिसं आणि कॅडमियम असायचं. शिशामुळे पूड कमी तापमानाला वितळते, कॅडमियममुळे लाल-पिवळा रंग झळाळतो. तुमच्या बाटलीच्या रंगात ते आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. मग ती धूळ गॅरेजमध्ये उडवायची कशाला? आणि घरात रांगणारं मूल असेल तर?

आणि एवढं करून होतं काय? तासभर घासून एका बाटलीचं निम्मं नाव जातं. आपल्याकडे नेहमीची बॅच ५ गॅलनची, म्हणजे १२ औंसाच्या ५३ बाटल्या. करा हिशोब! म्हणून म्हणते, खरवडू नका. हे काम अ‍ॅसिडचं आहे, मनगटाचं नाही.

अ‍ॅसिड कुठलं? तुमच्याकडे आधीच आहे. स्टार सॅन. बाटल्या निर्जंतुक करायला आपण जे वापरतो, त्यात मुख्यतः फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं. ते छपाईची मऊ काच हळूहळू खातं, बाटलीच्या काचेला मात्र फारसं काही करत नाही. निर्जंतुक करायचं प्रमाण ५ गॅलनला १ औंस. छपाई काढायला मी त्याच्या दुप्पट-तिप्पट घालते, कारण आमच्या सॅन डिएगोचं पाणी कडक, त्यातला चुना अ‍ॅसिड आधी मारून टाकतो. बादली प्लास्टिकची, धातूची नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, कारण पातळ करण्याआधीचं स्टार सॅन कातडी भाजतं.

आता बाटली बुडवण्याआधी तिच्यात साधं पाणी काठोकाठ भरा आणि तोंडाला रबरी बूच लावा. एक तर ती तरंगत नाही. दुसरं, रंग विरघळलेलं पाणी आत जात नाही. उद्या ज्यातून पिणार, तिथे ते कशाला जाऊ द्यायचं! मग एक दिवस विसरून जा. दुसऱ्या दिवशी हातमोजा घातलेल्या बोटाने चित्रावर दाबून फिरवा. रंग बोटावर आला तर भांड्याच्या हिरव्या घासणीने पुसून निघतो. नाही आला तर अजून एक दिवस. घासणी म्हणजे हिरवी, तारेची नाही. नाहीतर पुन्हा ओरखड्यांवर आलो आपण.

"ताई, दोन दिवस ठेवली, काहीच झालं नाही." हो, असंही होतं. हल्ली बऱ्याच बाटल्यांवर वेगळी शाई असते, अतिनील प्रकाशात वाळवलेली. तिच्यात काच नाहीच, मग अ‍ॅसिड खाणार काय? म्हणून आधी एकच बाटली बुडवून बघा. नाही निघालं तर तशीच वापरा ना! नाव राहिलं म्हणून बीअर बिघडत नाही.

ज्यांना स्पर्धेला पाठवायची असते त्यांचं वेगळं. तिथे परीक्षकाला बाटली कोणाची ते कळू नये म्हणून लेबल नसलेली, छपाई नसलेली, साधी बाटली मागतात. माझी सगळी खटपट त्यासाठीच चालते.

कोरोना बीअरच्या छापील बाटल्यांबद्दल खूप जणांनी विचारलंय. छपाई निघेलही कदाचित, पण काच बिनरंगी, आरपार दिसणारी आहे. प्रकाश लागला की हॉप्समधले घटक बदलतात आणि बीअरला तो कुबट, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास येतो. तपकिरी काच ते बरंचसं अडवते. त्या बाटल्या रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या केंद्रावर देऊन ५-५ सेंट घ्या आणि मोकळे व्हा.

अजून एक, आणि इथे मी जरा चिडणार आहे. कोणीतरी खाली लिहिलंय की टॉयलेट क्लीनर ओता, पटकन होतं. त्याला वर लाइक! त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, वाफ घशाला लागते. आणि त्याच बादलीत पूर्वी ब्लीच असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. स्टार सॅनमध्येसुद्धा ब्लीच चालत नाही. काच कोरणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तर नावही काढू नका, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं.

वापरलेलं पाणी निर्जंतुक करायला पुन्हा घ्यायचं नाही. "पण महाग आहे हो ताई." असू दे. त्यात रंग उतरलाय. बादलीवर मार्करने तसं लिहून ठेवा आणि गावातल्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या, बागेत ओतू नका. बाटली साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि भरायच्या दिवशी ताज्या द्रावणाने निर्जंतुक करा.

पुण्याहून, नाशिकहून विचारणाऱ्यांना: अमेरिकेत घरी बीअर करायला १९७८च्या कायद्याने केंद्र सरकारची मुभा मिळाली. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू करणं गुन्हा आहे, तेव्हा इथलं बघून तिथे बादली मांडू नका. कागदी लेबलाचा भाग कोकम सरबताच्या बाटल्यांना बिनधास्त वापरा.

आणि स्पर्धावाल्यांनो, रंग गेल्यावरही काही बाटल्यांवर तिरक्या उजेडात नावाची पुसट सावली दिसते. तीही नको असेल तर दुसरी बाटली घ्या. झाकण छापील असेल तर काळ्या मार्करने रंगवून टाका, त्याला अ‍ॅसिड लागत नाही.