सरहद्द होती की नव्हती? गोवा, १९६१

दृश्य: पत्रादेवी, हुतात्मा स्मारक.

१५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सहा वर्षांनी, १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री, भारतीय सैन्य आत आलं. १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा शरण आले. आपल्याकडे तो मुक्तिदिन. न्यूयॉर्कला मात्र १८ तारखेलाच सुरक्षा परिषद पोर्तुगालची तक्रार ऐकत होती: भारताने आमच्यावर हल्ला केला.

परक्या मुलखात सैन्य घालायला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोनच वाटा आहेत. परिषदेची परवानगी, नाहीतर कलम ५१ खालचं स्वसंरक्षण. एरवी कलम २(४) ची मनाई.

परवानगी नव्हतीच. स्वसंरक्षणासाठी नोव्हेंबरातला गोळीबार दाखवला जातो: पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर झालेला. पण हा दावा लंगडा आहे. स्वसंरक्षणात आधी सशस्त्र हल्ला लागतो, दुसरा इलाज उरलेला नसावा लागतो, आणि उत्तर हल्ल्याच्या मानानेच द्यावं लागतं. बेटावरून गोळ्या आल्या म्हणून बेट घेतलं, हे एक वेळ पटवता येईल. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणं आणि दमण-दीवसकट सगळा मुलूख घेणं त्या मापात बसत नाही.

भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी भर दिला तो वेगळ्याच मुद्द्यावर. हा वसाहतीचा प्रश्न आहे, १५१० मध्ये जिंकून घेतलेला मुलूख पोर्तुगालचा होत नाही. थोडक्यात, सरहद्दच नव्हती, तर ओलांडली कुठली? पाठीशी आमसभेचा डिसेंबर १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव होता, वसाहती संपवा म्हणणारा. दुसऱ्याच दिवशीच्या १५४२ व्या ठरावात तर गोव्याचं नावच होतं. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेत वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटलं होतं. ती पाटी आमसभेने मानली नाही.

अडचण एवढीच, की वसाहती संपवण्यासाठी सैन्य घाला, असं १५१४ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला ७ मतं पडली, विरोधात ४. त्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणून ठराव पडला. नकाराधिकाराने ठराव अडतो. कारवाई कायदेशीर ठरत नाही. हा फरक आपल्याकडच्या भाषणांत हमखास गाळला जातो.

आणि झांचा मुद्दा कुणालाही उचलता येतो. १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर घेतला. तीही पोर्तुगालचीच वसाहत. तिथल्या लोकांना विचारायला १९९९ उजाडलं, आणि सुमारे ७८ टक्क्यांनी इंडोनेशियाला नकार दिला.

दृश्य: पणजी, मांडवीचा काठ.

गोव्यात डिसेंबर १९६३ ला विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) आणि युनायटेड गोवन्स हे दोन पक्ष कडाकडा भांडले, ते महाराष्ट्रात जायचं की नाही यावर. पोर्तुगालकडे परत जाऊ म्हणून या दोघांपैकी कुणीच मत मागितलं नाही.