‘सहा’च्या जागी ‘छ’

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात अंकस्मरणाची, म्हणजे ऐकलेले आकडे त्याच क्रमाने परत सांगण्याची, चाचणी चालू आहे. प्रसंग चित्रणासाठी रचलेला आहे. परीक्षक सेकंदाला एक या गतीने आकडे उच्चारतात: चार, दोन, नऊ, सहा, तीन. घरी मराठी बोलणारा, पण पाढे गुजराती शाळेत शिकलेला मुलगा क्षणभर थांबून म्हणतो: चार, बे, नव, छ, त्रण. क्रम तंतोतंत तोच आहे, तरीही परीक्षकांचे पेन गुणाच्या रकान्यापाशी अडते.

या उत्तराला एका परीक्षकाने पूर्ण गुण दिला आणि दुसऱ्याने शून्य, तर दिसणारा फरक मुलाच्या स्मरणशक्तीतला नसून परीक्षकांच्या समजुतीतला असेल. दोघांची मते किती जुळली हे नुसत्या टक्केवारीत सांगणेही फसवे ठरते, कारण शंभरातली 90 उत्तरे न ऐकताच ‘बरोबर’ ठरवणाऱ्या दोन परीक्षकांची मतेसुद्धा निव्वळ योगायोगाने सरासरी 82 उत्तरांवर जुळतील. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1960 साली मांडलेला कप्पा गुणांक हा योगायोग हिशेबात धरून उरलेले मतैक्य मोजतो.

आता समजा, भाषा बदलली की शून्य, असा नियम दोघांनी ठरवला. मतैक्य पूर्ण होईल, चाचणी पुन्हा घेतली तरी या मुलाचा गुण जवळजवळ तेवढाच कमी येईल आणि विश्वसनीयतेच्या गुणांकाला काहीही खटकणार नाही. 0 ते 1 या पट्टीवरचा तो गुणांक सातत्य तपासतो. मोजली गेली ती स्मरणशक्ती की मुलाची मराठी, हा प्रश्न सप्रमाणतेचा, म्हणजे चाचणी जे मोजायचे तेच मोजते का याचा, आहे आणि आमच्या मते तो आधी विचारायला हवा.

रस्त्यावरचा हॉर्न, अपुरी झोप, लागलेली भूक यांनी होणारी यादृच्छिक त्रुटी वेगळी. ती गुण कधी वर नेते, कधी खाली; मोठ्या गटाच्या सरासरीत ती बरीचशी विरते, पण एकट्या मुलाच्या गुणात तशीच राहते. प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) 15 आणि विश्वसनीयता 0.90 असलेल्या बुद्धिमापन चाचणीतही मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच व्यक्तीचा गुण अशा त्रुटीमुळे साधारण किती हलतो ते माप, सुमारे 4.7 गुणांची येते, म्हणजे 95 टक्के विश्वासाची मर्यादा आखताना मिळालेल्या गुणाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 9 गुण धरावे लागतात. गटाच्या अभ्यासातही ही त्रुटी निरुपद्रवी नसते. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 सालीच दाखवले होते की तिच्यामुळे सहसंबंध, म्हणजे दोन चाचण्यांचे गुण किती बरोबरीने बदलतात ते माप, प्रत्यक्षाहून क्षीण दिसतो: दोन्ही चाचण्यांची विश्वसनीयता 0.70 असेल, तर 0.50 चा खरा सहसंबंध 0.35 एवढाच हाती लागतो.

परीक्षक पेन खाली ठेवतात.

“मनातल्या मनात आकडे कुठल्या भाषेत मोजतोस रे?”

“गुजरातीत.”

नवी अंकमाला ते गुजरातीत वाचतात: आठ, बे, सात, छ, एक. मुलगा या वेळी अडखळत नाही. मात्र एव्हाना त्याचा सराव झालेला असल्यामुळे हा दुसरा गुण पहिल्याशी थेट ताडून पाहता येणार नाही.