कोयनेचं पाणी वाशिष्ठीत

चिपळूणजवळच्या परशुराम घाटातून खाली पाहिलं की वाशिष्ठी नदी निवांत दिसते. रुंद पात्र, मधे बेटं, काठाला कांदळवन. हिनं डोंगर फोडला असेल यावर विश्वास बसत नाही.

मग कुंभार्ली घाटाकडे चला. काळ्या कातळाचे थरावर थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा पसरत गेला, त्यातून हा सह्याद्री उभा राहिला. इथून समुद्र फार लांब नाही, त्यामुळे नदीला उतार मोठा. पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, दगडगोटे घेऊन धावतात आणि खरी घासाघीस हे गोटेच करतात. दमट हवेत कातळ आधीच कुजलेला. कडे ढासळतात, आणि दरी खोल होता होता उगमाच्या बाजूनं मागेही सरकते.

खालच्या अंगाला गोष्ट उलटी. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा शंभरहून अधिक मीटर खाली होता. नद्या तिथवर खोदत गेल्या. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि दऱ्यांत शिरलं. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीची बुडालेली दरी. गलबतं चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत यायची ती याच वाटेनं. आता तिथे गाळ. उतार संपला की नदी ओझं टाकते, त्यात भरती समोरून अडवते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पुरात बुडाली. शहर वसलंय ते नदीनंच पसरलेल्या सपाटीवर, हे एरवी कुणाच्या ध्यानात असतं?

आता पुन्हा घाटमाथ्यावर. पलीकडे कोयना दक्षिणेला वाहते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कोकणातली दरी मागे सरकत राहिली तर कधीतरी तिला गाठेल, तिचं पाणी पश्चिमेला ओढेल. निसर्गाच्या हिशेबानं हे लाखो वर्षांचं काम. माणसानं ते १९६० च्या दशकातच उरकलं. शिवाजीसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि वीज देऊन वाशिष्ठीत येतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मुभा दिली. भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहते ती या पाण्यावर. त्यातलं बहुतेक दाभोळला समुद्रात जातं.