चार पानांचं उत्तर

नमस्कार, श्रोतेहो. चाळिशी-पंचेचाळिशीत बी.ए.ला बसणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "सर, आता डोकं चालत नाही." मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं समंत्रक होतो, म्हणून ठामपणे सांगतो, डोकं चालतं. अडतो तो हात. वर्षानुवर्षं सही आणि किराणाची यादी यापलीकडे काही लिहिलेलं नसतं आणि परीक्षेत एकदम तीन तास लिहायचं! ध्यानात ठेवा, अडतो तो हात.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं ते अशाच लोकांसाठी. बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला जाता यायचं. पुस्तकं घरी, संपर्कसत्र रविवारी. उशिरा शिकायची लाज वाटत असेल, तर महर्षी कर्वे 1881 साली मॅट्रिक झाले तेव्हा 23 वर्षांचे होते. मुंबईत शिकवण्या करून पोट भरत 1884 साली ते बी.ए. झाले. त्यांची मुरूड ते सातारा पायपीट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय, म्हणून ती सोडतो आणि एसटीकडे वळतो.

आमच्या केंद्रावर एक कंडक्टर यायचे. दहावीनंतर नोकरीला लागलेले, मुलगी कॉलेजात. गावोगावचे लोक त्यांना मास्तर म्हणायचे, मीही म्हणायचो. पहिल्या सराव परीक्षेत पंचायत राजवर 16 गुणांचा प्रश्न होता. मास्तरांनी चार ओळी लिहिल्या. तीन स्तर, तिन्हींची नावं, 1 मे 1962, खाली रेघ. चूक एकही नाही. म्हटलं, "मास्तर, एवढ्यावर 16 गुण कसे द्यायचे?"

"सर, विचारलं तेवढं सांगितलं. एकदा तिकीट फाडलं, की त्याच माणसाला परत कशाला फाडायचं?"

काय बोलणार! म्हटलं, रोज एक उत्तर चार पानांचं लिहून काढा.

त्यांची ड्युटी पाटण तालुक्यातल्या एका मुक्कामी गाडीवर होती. (तोट्यात म्हणून मुक्कामी गाड्या बंद करणाऱ्यांना एकदा पहाटे तापलेलं पोर खांद्यावर देऊन तालुक्याला चालत पाठवलं पाहिजे. असो.) गाडी देवळापुढं लागली, भाकरी खाऊन झाली, की मास्तर ओवरीत बल्बाखाली बसायचे. ड्रायव्हरसाहेब घड्याळ धरून पर्यवेक्षक. स्वतः नववीतून शाळा सोडलेले, पण शिस्त अशी, की मास्तरांना पाणी प्यायलाही उठू देत नसत.

पहिल्या रात्री पान भरेना. ओवरीतली मंडळी जवळ सरकली. एक माजी सरपंच म्हणाले, "वसंतराव नाईक समितीचं घातलं का? तिथनंच सुरुवात हाय." घातलं. दुसरा म्हणाला, "ग्रामसभेला कोण येत न्हाई, ते लिवा." तेही घातलं. पंचायतीच्या एक सदस्यबाई आरतीचं ताट घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "आमच्या राखीव जागा कुठं गेल्या मग?" झालं, 73वी घटनादुरुस्ती आली. मग पाणीपट्टी कुणी थकवली यावरून दोघांचं जुंपलं. ड्रायव्हरसाहेब कडाडले, "पेपर चालू हाय, गप बसा!" उत्तर गेलं साडेचार पानांवर.

ती वही मी तपासली. पाणीपट्टी थकवणाऱ्याचं नावसुद्धा होतं त्यात. ते खोडायला लावलं.

खऱ्या परीक्षेत पंचायत राज आलंच नाही. आले राज्यपालांचे अधिकार, आणि त्या गावात राज्यपाल कुणी पाहिलेले नव्हते. पण हात सुटला होता, श्रोतेहो. चार पानं भरली. मधे इंग्रजी दोनदा राहिलं, तरी पदवी मिळाली. गाईड पाठ करून हात सुटत नाही. गाईडवाल्यांवर माझा राग जुना आहे, त्याला वेगळं भाषण लागेल.

तेव्हा अर्ज आणून कपाटात ठेवला असेल, तर आज जेवणं आटपली की घड्याळ लावून एक उत्तर लिहा. रोज एक. पुस्तक मिटून. आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर आपण स्वतःला फार सवलती देतो.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरसाहेबच पूर्वतयारीचा अर्ज घेऊन आले. विचारलं, "आता घड्याळ कोण धरणार?"

"मास्तर हायत की. पण मला पाणी पिऊ देतील असं वाटत न्हाई."